चौथ्या घराशेजारचं घर

मला उगाच कुणी प्रश्न विचारले की डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. चाकणच्या वायरिंगच्या कंपनीत दिवसभर सुपरवायझर विचारतो, "ताई, किती झाले?" घरी आलं की नवरा विचारतो, "भाजी काय?" आणि त्या दिवशी आंघोळ करून जरा टेकते न टेकते तोच तिसऱ्या मजल्यावरची सुखदा दारात येऊन उभी राहिली.

"सुमनकाकू, तुम्ही लहानपणी काय खेळायचात?"

"धुणी-भांडी," मी म्हटलं.

तिला हसूच आलं. या पोरीचा हाच त्रास आहे, ती रागवत नाही. आकुर्डीच्या एका कॉलेजात मुलांना फोटो काढायला शिकवते आणि आमच्या चऱ्होलीच्या सोसायटीत एकटी भाड्यानं राहते. गळ्यात सदानकदा कॅमेरा. आमच्या नवनाथचं म्हणणं, ती पोरगी भाजी घ्यायला गेली तरी आधी भाजीचा फोटो काढते. नवनाथ म्हणजे माझा नवरा, भोसरीत फिटर आहे आणि स्वतःला फार विनोदी समजतो.

सुखदानं लॅपटॉप उघडून माझ्यापुढं धरला. बहुतेक फोटो वरून काढलेले. चाकणच्या ट्रक टर्मिनलपाशी ड्रायव्हर लोकांनी विटेच्या तुकड्यानं जमिनीवर पट आखलेला, सोंगट्या म्हणून सोड्याच्या बाटल्यांची झाकणं. एका टपरीमागं केबलच्या लाकडी रिळावर कॅरम ठेवलेला आणि चारी बाजूंनी चार डोकी. तळेगावच्या एका भिंतीवर कोळशानं काढलेले तीन स्टंप. त्या फोटोत माणूसच नव्हता.

"खेळाचे फोटो म्हटलं की सगळे चेहरे काढतात," ती सांगायला लागली. "हसणारी पोरं, उड्या मारणारी पोरं. चित्रकारही तेच काढत आले. मला रेषा हव्यात. मला काय कळत नाही सांगू? साधी खडूची रेघ असते. ती ओलांडली तर कुणी पोलिसात देत नाही. तरी खेळणारा माणूस ओलांडत नाही. का?"

"ओलांडली की बाद होतो म्हणून."

"पण बाद होतो हे ठरवलं कुणी?"

आता याला काय उत्तर देणार, डोंबल! पण खरं सांगते, प्रश्न डोक्यात राहिला. मी उठले, पोराच्या दप्तरातून खडू काढला आणि बाहेर जिन्याजवळच्या फरशीवर आमच्या गावची ठिकरी आखून दिली. शिडीसारखी एकावर एक सात घरं, वर अर्धा गोल. घरात खापरीचा तुकडा टाकायचा, एका पायावर लंगडत जायचं, त्याच पायानं तुकडा ढकलत बाहेर आणायचा. रेघेवर पाय पडला की डाव गेला. एवढं आखून झालं आणि माझा हात आपोआप चौथ्या घराच्या डाव्या बाजूला गेला. तिथं मी एक छोटं घर काढलं, बाकीच्यांच्या निम्मं.

सुखदा खाली वाकली. "हे काय?"

"असतं ते."

"काकू, मी मावळापासून लातूरपर्यंतच्या बायकांकडून ठिकरी आखून घेतलीय. सात घरं असतात, आठ असतात, वर गोल असतो, नसतोही. हे बाजूचं घर कुणीच काढलं नाही. यात काय करायचं असतं?"

 काय करायचं असतं ते मला आठवेना. घर आठवत होतं. आष्टीजवळच्या आमच्या गावातलं अंगण आठवत होतं, चुलीतल्या राखेनं आखलेली पांढरी रेघ आठवत होती, त्या बारक्या घरात उभी असलेली मी आठवत होते. पण का उभी होते? बाहेर सगळे खेळत असताना मी तिथं काय करत होते?

तेवढ्यात नवनाथ डबा हलवत जिना चढून आला. त्यानं फरशीवर नजर टाकली आणि म्हणाला, "आयला, तुमच्या गावात ठिकरीला पण अटॅच बाथरूम व्हतं व्हय?"

सुखदा खो खो हसली. मी त्याला आत पाठवलं.

"दुसऱ्या कुणाला माहीत असेल का?" हसू आवरून सुखदानं विचारलं. "तुमच्याबरोबर कोण खेळायचं?"

मी म्हटलं, "भात लावायचाय," आणि दार लोटून घेतलं.

माहीत असणारं माणूस एकच होतं. माझी थोरली बहीण, रंभाआक्का. राहायला कुठं? तळेगाव दाभाड्याला. आमच्या कंपनीची बस चाकणहून तळेगावच्या फाट्यापर्यंत लोक सोडते, म्हणजे रोज माझ्या डोळ्यासमोर तळेगावची पाटी असलेली बस उभी असते. आणि आम्ही दोघी तीन दिवाळ्या झाल्या, एकमेकींशी एक शब्द बोललेलो नव्हतो.

आमची आई गावाकडं वारली तेव्हा आक्का तिच्याजवळ होती. मी पहिल्या शिफ्टला होते. आमच्याकडं लाईनवर फोन चालत नाही. आत शिरताना लॉकरमध्ये ठेवायचा, सुटल्यावर घ्यायचा. सुटल्यावर फोन बघितला तर आक्काचे मिस कॉलच मिस कॉल. तशीच युनिफॉर्मवर एसटीत बसले. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. आईचं तोंड मला बघायला मिळालं नाही. मी ओट्यावर चढून भर लोकांत ओरडले, "माझ्यासाठी थांबला नाहीत तुम्ही! आई काय एकटीची होती का तुझी?" आक्कानं तिथंच मला उत्तर दिलं, "फोन उचलायला हात मोडले होते का तुझे? सकाळपासून बोंबलायलेय मी!" झालं. दहाव्याला एका पंगतीत बसलो, पण बोललो नाही. मग तिनं फोन केला नाही, म्हणून मी केला नाही. मी केला नाही, म्हणून तिनं केला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? एवढ्यावरूनच असतं सगळं. मला आक्का परत हवी होती. सणाला पुरणाचा घाणा घातला की हवी होती, पोराला ताप आला की हवी होती. पण आधी फोन कुणी करायचा? मी? माझी आई मला न दाखवता नेली, आणि फोन मी करायचा? छट्.

रविवारी सुखदा पुन्हा आली. तिचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं आणि माझी ठिकरी तिला हवीच होती, त्या बारक्या घरासकट. खडूची रेघ गच्चीवरून दिसत नव्हती, म्हणून तिला ती रंगानं आणि मोठी आखायची होती. बिल्डिंगच्या मागं पाण्याच्या टाकीशेजारी कोब्याची मोकळी जागा आहे, तिथं पोरं क्रिकेट खेळतात. गेटचा स्पीडब्रेकर रंगवून पिवळा ऑइलपेंट उरला होता, तो सोसायटीच्या स्टोअरमध्ये होता. नवनाथनं डबा काढून आणला, सुतळी ताणून दिली, आणि सुट्टीचा माणूस दुपारभर उन्हात बसून पट्ट्या मारत राहिला. कामात माणूस चोख आहे, तोंडाचं सोडा.

"एकेक घर केवढं ठेवू?"

"वरून दिसेल एवढं," सुखदा म्हणाली.

त्यानं चांगलं ऐसपैस ठेवलं. सात घरं ओळीनं, वर अर्धा गोल, चौथ्याच्या शेजारी ते छोटं. काठ असे सरळ की बघत राहावं. रंग वाळेपर्यंत कुणी पाय देऊ नये म्हणून संध्याकाळी सुतळी बांधून ठेवली. सकाळी पहिल्या उन्हात मी एका पायावर उभी राहायची आणि सुखदानं गच्चीवरून फोटो काढायचा, असं ठरलं. सोमवारी माझी दुसरी शिफ्ट होती, म्हणून सकाळ मोकळी होती.

सकाळी खाली गेले आणि जागीच थिजले.

सुतळी कुणीतरी नीट गुंडाळून टाकीवर ठेवली होती. आणि सातही घरांत एकेक मोटरसायकल उभी होती! सगळ्यांची तोंडं एका दिशेला, एकाचंही चाक पट्टीवर नाही. वरच्या अर्ध्या गोलात कुणाची तरी स्कूटर तिरकी बसवली होती, गोलाच्या हिशोबानं. आणि चौथ्या घराशेजारच्या बारक्या घरात, अगदी मधोमध, आग विझवायची वाळूची लाल बादली.

हसावं की रडावं! आमच्या सोसायटीत घरटी एक माणूस कंपनीत. कंपनीत जमिनीवर पिवळी चौकट असली की तिच्यात काहीतरी ठेवायचंच असतं. ट्रॉलीची चौकट वेगळी, पेट्यांची वेगळी, कचऱ्याच्या डब्याखालीसुद्धा चौकट. डबा चौकटीबाहेर दिसला की सुपरवायझर फोटो काढून बोर्डावर लावतो. वर्षानुवर्षं हे केलेली माणसं दुसरी शिफ्ट करून मध्यरात्री आली, त्यांनी नव्या पिवळ्या चौकटी बघितल्या आणि निमूटपणे गाड्या लावून झोपायला गेली. बारक्या चौकटीत गाडी मावत नाही म्हणजे ती बादलीची, हे पण कुणीतरी ठरवून टाकलं.

एवढ्यात फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमन श्रीपादराव. हे एका ऑफिसातून रिटायर झालेत आणि शुद्ध मराठीत मेसेज टाकतात. "टाकीशेजारी दुचाकींसाठी अत्यंत सुबक आखणी केल्याबद्दल संबंधितांचे मनःपूर्वक आभार. इतर सभासदांनीही ही शिस्त पाळावी." खाली अंगठेच अंगठे.

मला वाटलं सुखदा रडेल. वर बघितलं तर ती गच्चीच्या कठड्याला पोट टेकून फोटो काढत सुटली होती.

"काकू!" ती वरून ओरडली. "रेघ कुणी ओलांडत नाही म्हटलं होतं ना मी? बघा की!"

"अगं पण ठिकरीचं काय? माझ्या फोटोचं काय?"

"तो पण काढू. आधी हा बघा."

खाली येऊन तिनं मला फोटो दाखवला. वरून ते सगळं फारच निराळं दिसत होतं. खेळ पण दिसत होता आणि कंपनी पण दिसत होती. आणि त्या सगळ्यात ती एक लाल बादली. माझी नजर पुन्हा पुन्हा तिच्यावरच जात होती. मी तिच्याकडून फोटो मागून घेतला आणि स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, "आमची ठिकरी. ओळखा पाहू."

कामावर निघेपर्यंत स्टेटस कोणी कोणी बघितलं ते बघत बसले. लाईनवरच्या बायका, माझी जाऊ, दूधवाला, आक्काची पोरगी करिष्मा. करिष्मा नेहमी बघते. ती बिचारी आईला चोरून मला वाढदिवसाला मेसेजही करते. तिनं एक हसरं तोंड पाठवलं आणि विचारलं, "मावशी, हे काय गं?" मी काही लिहिलं नाही. मग फोन लॉकरमध्ये गेला.

सुटल्यावर बसमध्ये बसून फोन उघडला. बघणाऱ्यांची यादी वाढली होती. खाली सरकवत गेले आणि माझा अंगठा थांबला. रंभाआक्का. तिनं माझं स्टेटस बघितलं होतं. इतक्या दिवसांत तिनं माझं काहीच बघितलं नव्हतं, पोराचा दहावीचा निकाल सुद्धा नाही. मला एवढा आनंद झाला की शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, इन्सेंटिव्ह आला का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळत होते. फोन वाजला. स्क्रीनवर आक्काचं नाव. हाताला पीठ, पदरानं फोन धरला.  ती आता काय म्हणेल? आईचं काढेल? मी काय म्हणू?

"बादली काढ त्या घरातली," आक्का म्हणाली.

"आँ?"

"त्या बारक्या घरात बादली ठेवलीया कुणी? काढ आधी."

आणि फोन ठेवून दिला!

मी पिठाच्या हातानं तशीच जिना उतरले आणि बादली उचलून टाकीमागं ठेवली. तिथंच उभी राहिले, रिकाम्या चौकटीकडं बघत. म्हणजे तिला आठवत होतं. ते घर होतं, मी काही मनचं काढलं नव्हतं. आणि ते एवढं महत्त्वाचं होतं की तिथं बादली तिला बघवली नाही. पण का? परत फोन करून विचारावं तर बोट बटणावर जाईना. सुखदाला सांगितलं तर तिचे डोळे मोठे झाले. "काकू, विचारा ना! तुम्हाला झोप कशी येणार?" झोप येणारच नव्हती. मी करिष्माला मेसेज केला. "आईला विचार, त्या घरात काय करायचं असतं." तासाभरानं उत्तर आलं. "आई म्हणते, तिला एवढं पण आठवत नसेल तर मीच येते दाखवायला. रविवारी. मी तिला स्कूटीवर आणते."

रविवार उजाडेपर्यंत मी घरातल्या माणसांना नको नको करून सोडलं. नवनाथ म्हणाला, "पाहुणी येणार हाय का इन्स्पेक्शन?" मी म्हटलं, दोन्ही.

आक्का आली. स्कूटीवरून उतरताना तिनं करिष्माचा खांदा धरला आणि डावा गुडघा हातानं सरळ केला. केस पार पांढरे झाले होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार होतं? मी पाया पडायला वाकले तर ती म्हणाली, "राहू दे, राहू दे," आणि माझ्याकडं न बघता सरळ बिल्डिंगच्या मागं चालायला लागली. मी मागं, करिष्मा मागं, सुखदा कॅमेरा धरून मागं.

गाड्या होत्याच. नवनाथनं आदल्या दिवशी घरोघर सांगितलं होतं, तरी तीन उभ्या होत्या. श्रीपादराव गॅलरीतून म्हणाले, "अहो, ती अधिकृत जागा आहे." नवनाथनं वर बघून सांगितलं, "काका, ही जागा आज लेडीजची हाय," आणि गाड्या एकेक करून बाजूला लावल्या.

आक्का रेघांच्या कडेला उभी राहिली. तिनं सगळं नीट बघून घेतलं. "चौथ्यालाच काढलंयस. बरोबर हाय," ती म्हणाली. "एवढं आठवलं आन् बाकीचं न्हाई?"

"नाही आठवत गं. सांग की."

"तू कच्चं लिंबू होतीस," आक्का म्हणाली. "आपल्यात सगळ्या पोरी एकामागं एक घरांत उतरायच्या, आन् तुला लंगडी यायचीच न्हाई. दोन घरं गेलीस की धपकन दुसरा पाय टेकायचीस. पोरी तुला बाद करायच्या आन् तू भोकाड पसरायचीस. रडी होतीस नुसती. मग आईनं एक दिवस चुलीतली राख आणली आन् चौथ्याच्या शेजारी हे घर काढलं. म्हणाली, सुमीला दोन्ही पाय टेकायला जागा पायजे. ती हितं थांबंल, दम घेईल, मग पुढं जाईल. तोवर कुणी पुढं जायचं न्हाई. सगळ्यांनी थांबायचं."

सुखदानं कॅमेरा खाली घेतला होता. मी त्या बारक्या चौकटीकडं बघत होते. मला आठवलं. सगळं आठवलं. मी आत उभी आहे, दोन्ही पाय टेकून, आणि सगळ्या पोरी आपापल्या घरात एका पायावर डुगडुगत मला शिव्या घालतायत, "सुमे, आटप की गं!" आणि आक्का पुढच्या घरात, एका पायावर, काही न बोलता.

"सगळ्यांनी थांबायचं," मी म्हटलं, आणि मग तोंडातून निघून गेलं, "मग त्या दिवशी का नाही थांबलीस?"

 नवनाथ गाड्यांच्या मागं काहीतरी शोधायला लागला.

आक्काचा आवाज चढला. "मी न्हाई थांबले? भावकीतल्या एकेकाच्या हातापाया पडले मी, की सुमी येईल, सुमी येईल. म्हणले, फोन तरी लागू द्या. तू उचलशील तर ना! घंटी वाजायली, वाजायली, तू बघत बसलीस. म्हाताऱ्यांनी म्हणलं, तिला यायचंच नसंल. काय सांगणार होते मी त्यांना?"

"बघत कशाला बसेन? फोन लॉकरमध्ये होता!"

"कसल्या लॉकरमध्ये?"

"कंपनीच्या! आत शिरताना ठेवून घेतात. लाईनवर फोन नेताच येत नाही. सुटल्यावर मिळतो."

आक्काला हे नवीनच होतं.  तिच्या नवऱ्याची तळेगावात पिठाची गिरणी. तिच्या घरातलं कुणी कधी कंपनीच्या गेटातून आत गेलेलं नाही. आणि आमच्या घरात, आमच्या बिल्डिंगीत, आमच्या बसमध्ये सगळ्यांचेच फोन लॉकरमध्ये असतात. हे कुणाला सांगावं लागतं, असं माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"मग तवाच का न्हाई बोललीस हे?"

"तू विचारलंस कुठं? हात मोडले का म्हणालीस."

"आगं बाई," आक्का म्हणाली, आणि टाकीच्या कट्ट्यावर बसली. "आगं बाई गं." मग तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं मी रडणार नाही, पण मी जुनीच रडी, भोकाड पसरलंच.

मग सुखदा हळूच म्हणाली, "काकू, खेळायचं का?" या पोरीला वेळकाळ नाही. पण तिचंच बरोबर होतं. आता दुसरं करणार तरी काय होतो?

फुटक्या टाइलचे तुकडे आमच्या चऱ्होलीत पैशाला पासरी, जिकडं बघाल तिकडं बांधकाम. करिष्मानं एक बरा बघून आणला. सुखदा गच्चीवर पळाली. पहिला डाव आक्काचा, थोरली म्हणून. तिनं नेम धरून तुकडा टाकला तो थेट रेघेवर.

"रेघ! बाद!" मी ओरडले.

"कुठं रेघ? आत हाय."

"आक्का, रडीचा डाव नको. पिवळ्या रंगावर पडलाय, सगळ्यांना दिसतंय."

"बरं, बाद म्हण. तुझा डाव घे."

मी टाकला, लंगडी घातली. पहिलं घर, दुसरं, तिसरं. या वयात कसली लंगडी, पण घातली. चौथ्यात पोचले आणि तोल गेला. डावीकडं ते बारकं घर होतं. मी दोन्ही पाय तिथं टेकले आणि उभी राहिले, दम खात. सगळे थांबले. वर गॅलरीत श्रीपादराव उभे होते, तेही थांबले.

"ये," मी आक्काला म्हटलं.

"मला न्हाई जमायचं. गुडघा गेलाय."

"मग तूच आता कच्चं लिंबू. चालत ये. तुला आउट नाही."

ती चालत आली, एकेक घर ओलांडत. रेघेवर पाय पडू नये म्हणून इतकं जपून चालली, जसं काही कुणी खरंच बाद करणार होतं. बारक्या घरात ती माझ्या शेजारी शिरली. ते दोन बायकांसाठी नव्हतंच. तिनं माझा दंड धरला, मी तिची कंबर, तरी तिचा एक पाय निम्मा बाहेर.

"हलू नका!" वरून सुखदा ओरडली.

आम्ही हललो नाही.

आकुर्डीच्या प्रदर्शनात सुखदानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. एकात सात मोटरसायकली आणि लाल बादली, दुसऱ्यात सगळी घरं रिकामी आणि त्या बारक्यात वरून दिसणारी दोन डोकी, एक काळं, एक पांढरं. लोक पहिल्या फोटोपाशी हसायचे आणि दुसऱ्यापाशी जाऊन पुन्हा पहिल्याकडं यायचे, बादली कुठं होती ते बघायला. एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं, "हा कुठला खेळ आहे?" मी उत्तर देणार तर आक्कानं मला कोपरानं ढकललं आणि स्वतःच सांगत बसली, राखेपासून. मला एक शब्द बोलू दिला नाही. थोरलीच ती.

संध्याकाळी तिला आकुर्डी स्टेशनवर सोडायला गेले. तळेगावची गाडी यायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो. आक्का पर्समध्ये उगाच काहीतरी चाचपत होती.

"उद्या कुठली शिफ्ट तुझी?"

"पहिली."

"म्हणजे फोन लॉकरमध्ये."

"हो. तीनला सुटते."

तिनं मान हलवली. गाडीचा दिवा लांबून दिसायला लागला तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"मग मी थांबते तीनपर्यंत," आक्का म्हणाली.